वजन जुळलं की मशीन गप्प बसतं: स्वतःचं बिल स्वतः करताना

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या बहुतेक दुकानांत अजून गल्ल्यावर माणूसच आहे. पण मुंबई-पुण्याच्या काही मोठ्या दुकानांत, आणि मुलांकडे दुबईला किंवा लंडनला गेलात तर हमखास, स्वतःचं बिल स्वतः करायचं मशीन पुढ्यात येतं. त्यावर एकाच घरात दोन मतं असतात. नातवाला ते आवडतं, कारण रांग नाही आणि कुणाशी बोलायला नको. आजीचा प्रश्न वेगळा असतो: माल मी निवडला, मी पुढे धरला, मी पिशवीत भरला, पैसेही मीच दिले, मग दुकानदाराने केलं काय? दोघांचंही बरोबर आहे. गल्ल्यावरच्या माणसाचं काम गिऱ्हाइकाकडे आलंय यात शंका नाही. ते कधी अंगावर घ्यायचं आणि कधी सरळ गल्ल्याकडे वळायचं, हे मशीनची खोड कळली की ठरवता येतं.

रांगेत शिरण्याआधी टोपली बघा

दहा-बारा वस्तू, सगळ्या कंपनीच्या बंद पाकिटातल्या, पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्यायचे आहेत, तर मशीन सोयीचं. टोपलीत नारळ आहेत, सुटे तांदूळ आहेत, कूपन वापरायचंय, एखादी वस्तू परत करायचीय किंवा रोखीने पैसे द्यायचेत, तर गल्ला. बरीच मशीनं नोटा घेत नाहीत आणि ते कळतं अगदी शेवटी, सगळा माल पिशवीत गेल्यावर. म्हणून मशीनवर 'फक्त कार्ड' किंवा 'फक्त यूपीआय' असं लिहिलंय का ते आधी वाचा.

गणपतीच्या आधीची भरलेली ढकलगाडी मशीनवर नेऊ नका. मशीनच्या पाटावर दोन, फार तर तीन पिशव्या मावतात. शिवाय गल्ल्यावर एक जण स्कॅन करत असतो तेव्हा दुसरा पिशवी भरतो. मशीनवर दोन्ही कामं तुमच्याच दोन हातांनी करायची असतात. चाळीस वस्तूंना हे मशीन गल्ल्यापेक्षा हळूच पडतं.

आणखी एक, फोनची रेंज. तळघरातल्या किंवा जाड भिंतींच्या दुकानात स्कॅन सुरळीत होतं आणि पैशांच्या वेळी फोनवरचं चक्र फिरत राहतं. मशीनसमोर उभं राहण्याआधी बँकेतली शिल्लक फोनवर तपासून बघा. ती दिसली तर पैसेही जातील.

पाटाखाली तराजू आहे

चिडचिड होते ती बहुतेक वेळा इथे. स्कॅन केलेला माल ठेवायचा तो पाट म्हणजे तराजू आहे. सगळ्याच मशीनना तो नसतो, काहींवर नुसता कॅमेरा असतो. पण जिथे मशीन सतत बोलत असतं तिथे तो असतो असं धरून चाला.

काम असं चालतं. तुम्ही एक किलो मिठाचा पुडा स्कॅन करता. त्या पुड्याचं वेष्टनासकट वजन, समजा 1,004 ग्रॅम, संगणकात आधीच नोंदलेलं असतं. पुढच्या काही सेकंदांत पाटावर तेवढंच वजन वाढलं पाहिजे. थोडा फरक चालतो. किती चालवायचा ते दुकान ठरवतं. वाढलं तर मशीन गप्प. वाढलंच नाही, तर 'वस्तू पिशवीत ठेवा'. स्कॅन न करता वजन वाढलं, तर ते परदेशात कुप्रसिद्ध झालेलं वाक्य: 'अनएक्सपेक्टेड आयटम इन द बॅगिंग एरिया'. म्हणजे पाटावर काहीतरी आलंय, पण ते काय आहे ते मला सांगितलेलं नाही.

बाईचा आवाज, लाल दिवा, मागे रांग. माणसाला वाटतं आपल्यावर चोरीचा आळ आलाय. मशीनला चोरी कळत नाही, ग्रॅम कळतात. ते बिथरण्याची नेहमीची कारणं ही:

- घरची कापडी पिशवी आधी सांगितल्याशिवाय ठेवली. जाड पिशवी दीड-दोनशे ग्रॅम सहज भरते. पडद्यावर 'स्वतःची पिशवी' असं बटण असतं. ते आधी दाबायचं, मग रिकामी पिशवी ठेवायची, मशीनने तिचं वजन धरलं की पहिली वस्तू.
- पिशवीत आधीच काहीतरी आहे: पाण्याची बाटली, देवळातला प्रसाद, दुसऱ्या दुकानाचा माल. ते बाहेर काढा किंवा पाटापासून दूर ठेवा.
- जुलैतली ओली छत्री पाटाला टेकवली. पर्स ठेवली. नातवंड रेलून उभं राहिलं.
- वस्तू फारच हलकी आहे. वेलचीची दहा ग्रॅमची पुडी किंवा सुयांचं पाकीट पाटावर पडलं तरी तराजूला पत्ता लागत नाही. अशा वेळी ती उचलून पुन्हा जरा दाबून ठेवा. नाहीच जमलं तर 'स्किप बॅगिंग', म्हणजे वस्तू पाटावर न ठेवता पुढे जायचं बटण.
- वस्तू फारच जड आहे. तांदळाची दहा किलोची गोणी पाटावर चढवायची गरज नाही. तीही 'स्किप बॅगिंग' करून ढकलगाडीतच राहू द्या.
- कंपनीने वेष्टन बदललं किंवा 'वीस टक्के जास्त' असा पुडा आणला आणि दुकानाच्या संगणकात वजन जुनंच आहे. यात तुमची काहीच चूक नाही. मदतनिसाने मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एक पिशवी भरली म्हणून ती उचलून खाली ठेवू नका. पाटावरचं वजन एकदम चार किलोंनी घटतं आणि मशीन अडून बसतं. पैसे चुकते होईपर्यंत सगळं पाटावर. जागाच उरली नाही तर मदतनिसाला सांगा.

आणि मशीन बोललं की घाईघाईत वस्तू काढा-ठेवा करू नका. प्रत्येक हालचालीने हिशोब आणखी बिघडतो. शेवटची वस्तू उचला, दोन सेकंद थांबा, पुन्हा ठेवा. तरी अडलं तर मदत मागायचं बटण. चार-सहा मशीनमागे एक मदतनीस असतोच, आणि त्याचा निम्मा दिवस यातच जातो.

बारकोड धरायचा कसा

काच पुसलेली असेल तर पाकीट काचेपासून वीतभर अंतरावर धरून सावकाश सरकवायचं. काचेला घासायचं नाही, फार जवळ नेलं तर रेषा अंधुक दिसतात. वेफर्सचं फुगलेलं पाकीट असेल तर बारकोडाच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून ताणा. बाटली असेल तर ती फिरवत राहा, रेषा वाकलेल्या दिसल्या तर वाचल्या जात नाहीत. फ्रीजमधून काढलेल्या ताकाच्या, दह्याच्या डब्यावर आपल्या दमट हवेत मिनिटभरात पाणी सुटतं. रुमालाने पुसल्याशिवाय तो स्कॅन होणार नाही.

बीप एकदाच वाजला पाहिजे. 'एकावर एक फुकट' म्हणून चिकटपट्टीने बांधलेल्या जोडीला बऱ्याचदा तीन बारकोड असतात: दोन आतल्या पाकिटांचे आणि एक बाहेरचा. बाहेरचाच दाखवायचा. हात फिरवताना आतला वाचला गेला तर फुकटच्या साबणाचेही पैसे लागतात. दर बीपनंतर पडद्यावर नाव आणि रक्कम बघायची सवय याचसाठी. चुकून दोनदा लागलेली वस्तू बऱ्याच मशीनवर स्वतःला काढता येत नाही, तिथे मदतनीसच लागतो.

बारकोड फाटला असेल तर खालचे 13 आकडे हाताने टाकता येतात. आपल्याकडच्या मालावर ते बहुधा 890 ने सुरू होतात. याचा अर्थ कंपनीने भारतात नोंदणी केली आहे, माल भारतात बनला असाच त्याचा अर्थ नाही. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. समजा नंबर आहे 8901234567890. विषम जागांचे आकडे (8, 0, 2, 4, 6, 8) मिळवले तर 28. शेवटचा सोडून सम जागांचे (9, 1, 3, 5, 7, 9) मिळवले तर 34, त्याची तिप्पट 102. दोन्ही मिळून 130. पुढच्या दहाच्या पटीला जायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. 130 आधीच दहाच्या पटीत आहे, म्हणून 0. एक आकडा चुकीचा टाकला की हे गणित बसत नाही आणि मशीन नंबर नाकारतं. मात्र शेजारशेजारचे 1 आणि 6 उलटे पडले तर गणित तरीही बसतं, कारण त्यांच्यात पाचाचा फरक आहे. म्हणून हाताने नंबर टाकल्यावर पडद्यावरचं नाव वाचाच.

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवाना क्रमांकही छापलेला असतो. घाईत तो टाकून 'वस्तू सापडत नाही' म्हणून वैतागणारे बरेच जण असतात.

नारळ, आंबा, सोलं आणि बचत गटाचा मसाला

मशीनचं सगळं शहाणपण बंद पाकिटापुरतं. आपल्या टोपलीतला निम्मा माल त्याच्या ओळखीचा नसतो.

सुट्या मालाचे दोन प्रकार. पहिल्यात भाजी-फळांच्या विभागातच माणूस किंवा काटा असतो, तिथे तोलून लेबल चिकटवून घ्यायचं. लेबल न लावता मशीनपर्यंत आलात तर परत जावं लागतं. या लेबलावरचा नंबर 2 ने सुरू होतो. ती मालिका दुकानाच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेली आहे. एखाद्या दुकानाची मांडणी अशी असते: 2100457012507. यात 21 दुकानाची खूण, 00457 म्हणजे वस्तू, 01250 म्हणजे 1.250 किलो आणि शेवटचा 7 तपासणीचा. काही दुकानं वजनाऐवजी रक्कम घालतात. म्हणजे लेबल लावल्यावर पिशवीतून दोन कांदे काढले तरी बिल जुन्याच वजनाचं होणार. आणि दोन घातले, तर पाटाखालचा तराजू ओरडणार.

दुसऱ्या प्रकारात मशीनवरच तोलायचं असतं. पडद्यावर चित्रांतून वस्तू निवडा, काचेच्या ताटलीवर ठेवा, हात काढा, आकडा स्थिर होऊ द्या, मग होय म्हणा. हात काढायचा विसरला की दोडक्याबरोबर बोटांचंही वजन भरता. परदेशात फळावरच्या स्टिकरवर चार आकडे असतात तेच टाकायचे. केळ्यांचे 4011. तोच माल सेंद्रिय असेल तर आधी 9 लागतो, 94011.

नारळ नगावर विकला जातो की वजनावर, हे दुकानागणिक बदलतं. पडद्याने 'किती नग' विचारलं तर आकडा टाका. नारळाला ठरलेलं वजन नसतंच, सोललेला आणि शेंडी ठेवलेला यांतच केवढा फरक, त्यामुळे इथे मशीन बहुधा मदतनिसाला बोलावतं. पाच नारळ असतील तर गल्लाच बरा.

हापूसच्या पेटीवर किंवा फळावर क्यूआर स्टिकर असेल तर तो फळ कुठल्या बागेतलं ते सांगण्यासाठी आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून अस्सलपणाची खूण हा कळीचा मुद्दा झालाय. बिलाचा बारकोड वेगळा, पेटीच्या बाजूला. डझनाच्या दराचा आंबा मशीनवर नगात टाकताना 12 टाकायचे की 1, हे शेजारची रक्कम बघून ठरवा. सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

सोलं, तिरफळं, कुळथाचं पीठ, बचत गटाचा मालवणी मसाला अशा मालावर कंपनीचा बारकोड नसेल तर दुकान स्वतःचं लेबल लावतं. मसाल्याच्या पिशवीला तेल सुटतं आणि लेबलावरची शाई पसरते. घेतानाच स्वच्छ लेबलाची पिशवी निवडा. आगळाच्या बाटलीचं लेबल ओलं होऊन सुटलं असेल तर ती बाटली मशीनवर नेण्यात अर्थ नाही.

दर जुळतोय का

कंपनीच्या बारकोडात किंमत नसते. ती दुकानाच्या संगणकातून येते. फळीवरची चिठ्ठी बदलायची राहिली, संगणकात बदलली, असं होतं. त्यात आपल्याकडे आणखी एक घोळ: एकाच बारकोडचा जुना आणि नवा माल, दोन वेगळ्या एमआरपींचा. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा हे फार दिसलं. काही मशीनं 'कोणती एमआरपी' असं विचारतात. पाकिटावर जी छापलीय ती निवडा. जे विचारत नाही त्याच्या पडद्याकडे लक्ष ठेवा.

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्याहून एक रुपयाही जास्त लागला तर पैसे भरण्याआधी थांबा. मदतनीस दुरुस्त करून देतो. न दिल्यास ग्राहक हेल्पलाइन 1915.

सुरुवातीला मशीन मोबाइल नंबर मागतं. तो पॉइंटसाठी असतो, बिलासाठी सक्तीचा नाही. 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानांना तसं कळवलंही आहे. 'वगळा' हे बटण बारीक अक्षरात कोपऱ्यात असतं. 'किती पिशव्या हव्यात' या प्रश्नातही आधीच 1 भरलेला असला तर तो 0 करा, नाहीतर न घेतलेल्या पिशवीचे पैसे जातात.

पैसे

शेवटची वस्तू ठेवल्यावर एकूण आकडा आणि वस्तूंची संख्या वाचा. टोपलीत 11 आणि पडद्यावर 10 असेल तर एक वस्तू स्कॅन व्हायची राहिली आहे. ती शोधून स्कॅन करा किंवा मदतनिसाला सांगा. चोरीला लबाडीचा हेतू लागतो हे खरं, पण दारावरच्या रखवालदाराला हेतू दिसत नाही, बिल आणि पिशवी दिसते.

पडद्यावरच्या क्यूआरमध्ये रक्कम आधीच भरलेली असते. फोनवर तीच रक्कम आणि दुकानाचं नाव येतंय का ते बघून मग पिन टाका. रक्कम स्वतः भरायला लागली तर तो मशीनचा क्यूआर नव्हे. शेजारी चिकटवलेला दुसराच कुठला तरी असेल.

कधी कधी खात्यातून पैसे जातात आणि मशीन म्हणतं मिळाले नाहीत. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दोन मिनिटं थांबा, मदतनिसाला फोनवरचा 12 आकडी व्यवहार क्रमांक दाखवा. बऱ्याचदा दुकानाच्या यंत्रणेत पैसे आलेले असतात, मशीनपर्यंत निरोप पोचलेला नसतो. खरंच अडकले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे दुकानाला केलेला असा व्यवहार पाच दिवसांत आपोआप परत फिरला पाहिजे, आणि त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

टेकवायचं कार्ड 5,000 रुपयांपर्यंत पिनशिवाय चालतं. मशीनवर ते दोन सेकंद धरावं लागतं. नुसतं दाखवून मागे घेतलं तर वाचलं जात नाही.

पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर माल जागेवर ठेवून उभे राहा. पैसे भरले नसतील तर यादी बहुधा पुन्हा करावी लागते. भरले असतील तर फोनवरचा संदेश हाच तूर्तास पुरावा, तो दाखवून गल्ल्यावर छापील बिल मागा.

लंडनच्या आजी-आजोबांसाठी थोडं

तिथे भाषा बदलायचं बटण पहिल्याच पडद्यावर असतं, सहसा झेंड्याच्या चित्राचं. वाइनची बाटली किंवा तापाच्या गोळ्या घेतल्या की मशीन थांबतं आणि माणूस येऊन वय बघून जातो. केस पांढरे असले तरी थांबतंच. अपमान मानू नका. पॅरासिटामॉलची दोनपेक्षा जास्त पाकिटं एका वेळी मिळत नाहीत. काही दुकानांत बाहेर पडायला बिलावरचा बारकोड फाटकाला दाखवावा लागतो, म्हणून 'बिल हवं का' याला नेहमी होय. महाग चॉकलेटला, रेझरला, बाळाच्या दुधाच्या डब्याला चोरी रोखायची चकती असेल तर ती मदतनिसाकडून काढून घ्या, नाहीतर पैसे भरूनही दारात घंटा वाजते.

आणि मशीन नकोच वाटत असेल तर तेवढ्यासाठी मागासलेपणाची भावना बाळगायचं कारण नाही. इंग्लंडच्या उत्तरेतल्या बूथ्स या दुकानसाखळीने 2023 मध्ये आपल्या बहुतेक दुकानांतली ही मशीनं काढून माणसं परत बसवली. नेदरलँड्समधल्या युम्बोने 2019 मध्ये याहून गमतीचं केलं: ज्यांना दोन शब्द बोलायचे आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम सावकाश चालणारा गप्पांचा गल्ला. आपल्या वाण्याकडे तो कायमच होता. 'काय वहिनी, मुंबयवाले कधी येतत?' हे विचारल्याशिवाय तो वही उघडत नाही.

घरी आल्यावर बिलाचा फोटो काढा. ते बिल शाईने छापलेलं नसतं, उष्णतेने काळा पडणारा कागद असतो तो. उन्हात, तेलकट हातात किंवा पाकिटाच्या प्लास्टिक कप्प्यात राहिला की अक्षरं पुसट होतात, आणि महिन्याभराने मिक्सर बदलून घ्यायला गेलात तर हातात कोरी पट्टी उरते.